माझ्यासाठी वीस मिनिटं, तिच्यासाठी सात तास

आज २९ सप्टेंबर, जागतिक हृदय दिन. सकाळपासून मोबाईलवर लाल बदामाची अकरा चित्रं येऊन पडलीत. 'हृदय जपा', 'तेलकट टाळा', 'रोज चाला'. पाठवणारे अकराही जण पुरुष. मी मोजले, कारण गेल्या महिनाभरात मला मोजायची सवय लागलीय. का लागली ते सांगतो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा.

गौरी जेवणाचा दिवस. आमच्या घरी मलकापुरात पाहुण्यांची तीस-पस्तीस पानं. बायको पहाटे चारला उठलेली. पुरण शिजायला टाकलेलं. सहाच्या सुमारास म्हणाली, "पाठीत भरून आल्यासारखं झालंय." मी म्हटलं, जागरण झालंय, होणारच. साडेसातला म्हणाली, "जबडा ठणकतोय." मी म्हटलं, दाढ धरली असेल, सण झाला की दाखवू. नऊला मळमळायला लागलं. आईनं जिरं-ओवा दिला, मी पित्ताची गोळी दिली. दहाला तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. बीपी बघितलं, एक इंजेक्शन दिलं, म्हणाले, "सणाची दगदग आहे, ॲसिडिटी वाढलीय, टेन्शन घेऊ नका." ईसीजी काढला नाही. त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. कारण त्यांनी जे केलं तेच मी पहाटेपासून घरात बसून करत होतो.

घरी आल्यावर ती पुन्हा कामाला लागली. ओवसा झाला. बाराला पंगत बसली. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत होता, पण मी ताटं मोजत होतो. मी एकदा म्हटलं, "पड जरा." ती म्हणाली, "पाहुणे जेवून जाऊ देत, मग बघू."

एक वाजता शेजारचे काका पानावर बसले. एसटीतून रिटायर झालेले, स्वतःची बायपास झालेली. ती वाढायला वाकली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, डोक्यावर पंखा फिरतोय आणि तुला घाम कसला?" मग माझ्याकडे बघून एवढंच, "चावी आण." पानावरून तसेच उठले. तिनं पदराला हात पुसले आणि गाडीत बसली.

रुग्णालयात ईसीजी काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हार्ट अटॅक. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून?" मी म्हटलं, "सकाळी सहा." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. मला ते चार शिव्या देते तर बरं वाटलं असतं.

बायको वाचली. घरी आहे, बोलते, हसते. पण इकोच्या रिपोर्टवर हृदयाचं पंपिंग ४० टक्के लिहिलंय. ते साठच्या आसपास हवं असतं. रक्त न मिळाल्यानं हृदयाचा जेवढा स्नायू मेला तेवढा परत येत नाही. गेल्या वर्षी श्रावणात आगाशिवाच्या पायऱ्या माझ्या पुढं चढणारी बाई आता आमच्या घराचा एक जिना मध्ये थांबून चढते. ती थांबते तेव्हा मी पायऱ्या मोजतो.

आता दुसरी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला माझ्या छातीत दुखायला लागलं. मी "गॅस असेल" म्हणालो. तिनं ऐकलं नाही. दार उघडून शेजाऱ्यांना हाका मारल्या, पोराला उठवलं, गाडी काढायला लावली. वीस मिनिटांत माझा ईसीजी झाला होता. निघालं काय? दुपारी पोती उचलली होती, स्नायू धरला होता. सगळे हसत घरी आलो. तेव्हा कुणीही म्हणालं नाही की सकाळी बघू.

एकच घर, तीच माणसं, तीच गाडी, तोच रस्ता. माझ्या न आलेल्या अटॅकला वीस मिनिटं. तिच्या आलेल्या अटॅकला सात तास.

हा फरक कुठल्या कोलेस्टेरॉलमुळं पडला नाही, आमच्या डोक्यातल्या समजुतीनं पडला. पुरुषाच्या छातीत दुखलं की हार्ट, बाईच्या छातीत दुखलं की पित्त. ही समजूत फक्त माझ्या घरात नाही, तुमच्याही आहे. म्हणून लिहितोय.

लगेच कमेंट येईल, "दादा, बायका सांगतच नाहीत, आम्ही काय करणार?" मीही महिनाभर सगळ्यांना हेच सांगत होतो. मग एका रात्री बसून आठवलं. पाठ, जबडा, मळमळ, आणि अकराला "दम लागतोय." तिनं चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा माझ्याकडं उत्तर तयार होतं. ती पाचव्यांदा बोलली नाही, कारण चार वेळा बोलून काय झालं ते तिनं बघितलं होतं. बायका सांगत नाहीत हे अर्धसत्य आहे. आपण ऐकत नाही, हे उरलेलं अर्धं.

आणि हे आपल्या गावापुरतं आहे असंही नाही. अमेरिकेत ॲस्पिरिननं हार्ट अटॅक टळतो का याचा मोठा अभ्यास झाला, १९८९ मध्ये त्याचा निकाल छापून आला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते. बाई एकही नाही. म्हणजे हृदयाची गोळी तपासायची तीसुद्धा फक्त पुरुषांवर. १९९१ मध्ये बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याच दुखण्यावर लेख लिहिला. त्या वर्षी त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या होत्या. शिकता यावं म्हणून मुलाचा वेश घेणाऱ्या यंटल नावाच्या मुलीची एक कथा आहे, तिचं नाव त्यांनी या प्रकाराला दिलं. मुद्दा असा की पुरुषासारखाच आजार पुरुषासारखाच दाखवून दिल्याशिवाय बाईला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. याला तीन दशकं उलटून गेली. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ही गोष्ट पोचली नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? १८ मे २०१७ ला रीमा लागू गेल्या. वय ५८. सिनेमातली सगळ्या महाराष्ट्राची आई. आदल्या दिवसापर्यंत मालिकेचं शूटिंग करत होत्या. रात्री छातीत दुखायला लागलं, रुग्णालयात नेलं आणि पहाटे त्या गेल्या. आपण सगळ्यांनी फोटो टाकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. पण घरातल्या पन्नाशीच्या बाईचा ईसीजी काढायचं त्या दिवशी किती जणांना सुचलं? मला नाही सुचलं.

आता डॉक्टरांकडून समजून घेतलेलं साध्या भाषेत लिहितो. मी डॉक्टर नाही, चूक असेल तर गावातल्या डॉक्टरांनी खाली दुरुस्त करावी.

छातीत दाब, जळजळ, आवळल्यासारखं होणं हे लक्षण बाईतही असतंच. पण बायकांमध्ये त्याच्या जोडीला, आणि कधीकधी त्याच्याऐवजी, जबडा, मान, खांदा, पाठ दुखणं, मळमळ, उलटी, दम लागणं, गार घाम, अंगातलं त्राण गेल्यासारखं होणं हे जास्त दिसतं. शुगर असेल तर दुखणं जाणवतच नाही असंही होतं. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली असेल तर पुढं आयुष्यात हृदयाचा धोका जास्त राहतो. आमच्या थोरल्याच्या वेळी हिचं बीपी वाढलं होतं. बाळंतपण झालं आणि आम्ही ते विसरलो. त्यानंतर वीस वर्षांत कुणी तिच्या दंडाला पट्टा बांधला नाही. माझं बीपी मात्र ऑफिसच्या तपासणीत दरवर्षी बघितलं जातं.

आणि मिश्री. हो, मिश्रीच. आपल्या सातारा-सांगलीकडं कितीतरी घरांत बायका सकाळी मिश्री लावतात. चुलीपुढं, मागच्या दारी, शेतावर जाताना. तंबाखू भाजली म्हणून तंबाखू राहत नाही असं थोडंच आहे? पोराच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली तर आपण घर डोक्यावर घेतो. आईच्या मिश्रीच्या डबीला कुणी बोलत नाही. तीही रक्तवाहिन्यांना छळते. पण सिगारेट ओढणारा पुरुष जाहिरातीत दिसतो, मिश्री लावणारी बाई कुठल्याच पोस्टरवर दिसत नाही.

आणखी एक, नवरात्राबद्दल. उपवास आहे म्हणून बीपीची, शुगरची गोळी न घेणाऱ्या बायका प्रत्येक आळीत आहेत. "देवीचं आहे, नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे." घटातलं धान्य सुकू नये म्हणून आपण रोज आठवणीनं पाणी घालतो. जिनं घट बसवला तिची गोळी चुकली तर घरात कुणाला कळतसुद्धा नाही. उपवास कसा करायचा, गोळीची वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांना एका वाक्यात विचारता येतं. गोळी परस्पर बंद करणं हा उपवास नाही.

"पण शिबिरं होतात की!" होतात. मी स्वतः दोन शिबिरांत खुर्च्या मांडल्यात. वेळ सकाळी दहा ते एक. त्या वेळी गावातली बाई कुठं असते? शेतात, कंपनीत, नाहीतर गॅससमोर. रांगेत असतात रिटायर पुरुष आणि आम्ही कार्यकर्ते. पाहुण्यांचा सत्कार, पुष्पगुच्छ, फोटो. बीपी आणि शुगरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून हातात. १७०/१०० लिहिलेली ती चिठ्ठी पुढं देवघरातल्या पोथीत सापडते. ज्याचं बीपी १७० निघालं त्याला पंधरा दिवसांनी फोन करून "गोळी सुरू केली का?" विचारलं, असं शिबिर मला दाखवा, पुढच्या वेळी मी त्याचा खर्च उचलतो.

सरकारी मोहिमांचं घ्या. २०२२ च्या नवरात्रात आपल्या राज्यात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' सुरू झाली. २०२५ मध्ये १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' झाली. मोहिमा चांगल्याच होत्या, तपासणी फुकट होती, अशी मोहीम आली की घरातल्या बाईला घेऊन जा असंच मी सांगेन. पण नावं नीट वाचा. माता सुरक्षित कशासाठी? घरासाठी. नारी स्वस्थ कशासाठी? परिवारासाठी. बाईनं धडधाकट राहायला तिचं स्वतःचं असणं पुरेसं कारण नाही का? माझी बायको "पाहुणे जेवून जाऊ देत" म्हणाली ना, ते याच शाळेत शिकून म्हणाली. आधी घर, मग ती.

पैशाचं म्हणाल, तर ती भीती मी नाकारत नाही. गाडीत बसल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "खर्च किती येईल?" म्हणून माहितीसाठी लिहितो. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, अँजिओप्लास्टीसुद्धा. रुग्णालय योजनेत असलं पाहिजे. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. स्टेंटच्या नावाखाली पूर्वी लाखाच्या वर बिल व्हायचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या किंमत नियामकानं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत कर सोडून २९,६०० रुपयांवर आणली, पुढं ती थोडीफार बदलत गेली. बिलात स्टेंटचा आकडा वेगळा मागून बघा, तो तुमचा हक्क आहे. आणि सगळ्यात स्वस्त उपचार म्हणजे लवकर पोचणं. उशिराचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही, तो तिचं हृदय भरतं.

आता माझ्या मागण्या. उगाच हळहळ व्यक्त करून पोस्ट संपवायची नाही.

पहिली मागणी आपल्या दवाखान्यांकडं. साधं ईसीजी मशीन आज एका बऱ्या मोबाईलच्या किमतीत मिळतं. चाळिशीपुढची बाई घाम, मळमळ, पाठदुखी घेऊन आली तर आधी ईसीजी, मग ॲसिडिटीचं इंजेक्शन. मशीन नसेल तर "माझ्याकडं नाही, आत्ताच्या आत्ता पुढं जा" एवढं सांगा. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास थांबत नसेल तर पुन्हा काढावा लागतो, हेही पेशंटला सांगा.

दुसरी नगरपरिषदेकडं. चोवीस तास मीटरनं पाणी देणारं गाव म्हणून मलकापूर बघायला बाहेरून माणसं आली. घरटी किती लिटर पाणी जातं हे आपण मोजू शकलो. मग घरटी बाईचं बीपी मोजणं अवघड आहे का? तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी सरकारच्या कार्यक्रमात आहेच. ती वॉर्डात संध्याकाळी सहानंतर ठेवा, बचत गटांच्या बैठकीला जोडून. आशाताईंना त्याचा वेगळा मोबदला द्या, फुकट राबवू नका. आणि ढेबेवाडी फाट्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी हृदयाला शॉक देणारं एईडी मशीन बसवा, ते वापरायचं कसं याच्या मराठी फलकासकट.

तिसरी मंडळांकडं, म्हणजे आमच्याकडंच. मी मंडळाचा जुना कार्यकर्ता आहे, म्हणून बोलतोय. साउंडच्या एका रात्रीच्या पैशात छाती दाबायच्या सरावाचे पुतळे येतात. एखादा माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन करायचा आणि छातीच्या मधोमध जोरात दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी आत गेली पाहिजे. दाबणं सुरू झालं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. हायवेवर काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहे. गाडी येईपर्यंत जे काही आहे ते आपल्या दोन हातांत आहे. आणि कोसळलेली बाई असली तर "हात कसा लावायचा?" म्हणून बघत उभं राहू नका. तीही मरते.

२५ नोव्हेंबरला आपण सगळे प्रीतिसंगमावर जातो. यशवंतराव चव्हाण १९८४ मध्ये त्या दिवशी दिल्लीत हार्ट अटॅकनंच गेले. कराडच्या सरकारी रुग्णालयाला वेणूताईंचं नाव आहे. या वर्षी फुलं वाहून झाल्यावर तिथंच तासभर लोकांना सीपीआर शिकवू या का? माझं नाव पहिलं लिहा.

चौथी मागणी नवऱ्यांकडं, आणि खरी पोस्ट हीच आहे. आज घरी गेल्यावर बायकोला विचारा, "तुझं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं?" तिला आठवत नसेल, तर तुम्हाला तरी आठवतंय का? मुलांच्या परीक्षा, गाडीचा इन्शुरन्स, कारखान्याच्या बिलाची तारीख सगळं पाठ असतं. यापुढं आमच्या घरात एक नियम आहे. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठंही नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, आणि जोडीला घाम, दम किंवा मळमळ असली, तर आधी ईसीजी आणि मग जिरं. सण असो, लग्न असो, पंगत बसलेली असो. पाहुणे आपल्या हातानं वाढून घेतील.

आणि ते व्हॉट्सॲपवरचं लसूण-आलं-लिंबू उकळून नस मोकळी करायचं औषध, जोरजोरात खोकून अटॅक थांबवायचा उपाय, हे पाठवणं बंद करा. त्यात वेळ जातो. आमचे सात तास असेच जिरं, ओवा आणि गोळीत गेले.

ही पोस्ट टाकायच्या आधी बायकोला वाचायला दिली. तिनं सावकाश वाचली. म्हणाली, "माझं नाव घालू नका. पण मिश्रीचं ठेवा. आणि काकांनी पान अर्धं टाकलं होतं, त्यांना एकदा जेवायला बोलवायचंय." पुढच्या रविवारी बोलावलंय. या वेळी वाढणार मी आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. पण त्याआधी उठून आत जा आणि तिला विचारा. आणि ती "काही नाही, जरा पित्त झालंय" म्हणाली, तर फोन खाली ठेवा आणि गाडीची चावी घ्या.